स्किमरची शिट्टी

"आवाज आज सुरू होत नसतो, मॅडम, आज तो फक्त ऐकू येतो," असं चांदपाशा एकदा म्हणाला होता.

डॉक्टर तनुजांना ते वाक्य फार आवडलं. समर्थनगरात त्यांचा कानाचा दवाखाना आहे. ऐकू कमी येणारी म्हातारी माणसं आणि बोलायला उशीर लागलेली मुलं तिथं तपासायला येतात. पुढं कितीतरी पेशंटांना त्यांनी ते वाक्य ऐकवलं, आणि कोण म्हणालं असं कुणी विचारलं की त्या बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीकडं बोट करायच्या. "आमचे चाचा. ही टाकी त्यांनीच बसवली."

त्याला पाच वर्षं झाली. आता कुणी ते वाक्य समोर काढलं की चांदपाशा घाईनं विषय बदलायचा. कारण त्याचे कान गेले होते, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको अख्तरी.

सगळंच गेलं नव्हतं. जाड आवाज यायचे: ट्रकचा, ढोलाचा, पंपाच्या घरघरीचा. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले, बैठकीतली माणसं न सांगता उठून जावीत तसे. आधी रातकिडे गेले. मग मोबाइलची घंटी. मग बायकांच्या बोलण्यातले स, श, फ. अख्तरी बोलायला लागली की पोपडे उडालेल्या भिंतीवरची अक्षरं जुळवावीत तसं तो तिचं बोलणं जुळवून घ्यायचा.

ती चिडायची. "कित्ती बार बोलूं? पत्थर से बोलना अच्छा." मग जरा वेळानं, हात पुसत, त्याच्या समोर येऊन उभी राहायची. "कान की डॉक्टरनी के यहाँ हर हफ्ते जाते. दिखाते कायको नईं?"

"दिखाऊंगा."

"कब? कयामत के दिन?"

"लोगां क्या बोलेंगे गे? बहरा आदमी आवाज ठीक करने आया?"

अख्तरी परत कामाला वळायची. कारण तिचा नवरा खरोखरच आवाज ठीक करण्यावर जगत होता.

चांदपाशा मूळचा कॉम्प्रेसरचा माणूस. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यानं चोवीस वर्षं काढली, ती सगळी टेस्टिंगच्या शेडमध्ये. तयार झालेलं मशीन बाहेर जायच्या आधी तिथं तासभर चालवून बघत. एका वेळी बारा मशीनं धडधडायची आणि वरचा पत्रा थरथरायचा. अशा गदारोळात कोणत्या मशीनचं कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगणारी चार माणसं होती, आणि त्या चौघांत चांदपाशा पहिला. पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला लावायचं, दांडा दातांत धरायचा, डोळे मिटायचे. दातांतून आवाज कवटीत उतरायचा. कंपनी कानात घालायला पिवळी बुचं द्यायची. चौघांनी ती कधी घातली नाहीत. बुचं घातली तर मशीन ऐकू येत नाही, आणि ज्याला मशीन ऐकू येत नाही तो टेस्टर कसला? नवीन आलेला कुणी बुचं घालून दिसला की ते त्याला "नवरी" म्हणायचे. बुचं घरी नेऊन पोरांना खेळायला द्यायचे. चांदपाशाच्या मुलीनं, झेबानं, लहानपणी त्या बुचांची आगगाडी केली होती.

कारखाना दुसरीकडं गेला तेव्हा तो पंचेचाळीसचा होता. मासे पाळायचा नाद आधीपासून होता. तोच पोटाचा धंदा झाला. गोड्या पाण्याच्या टाक्या कुणीही सांभाळतं. चांदपाशानं खाऱ्या पाण्याच्या धरल्या. समुद्र इथून तीनशे किलोमीटर लांब, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि अशा गावात तो सहा ठिकाणी काचेच्या पेटीत समुद्र जिवंत ठेवत होता: दोन इस्पितळं, जालना रोडवरचं एक हॉटेल, एका बिल्डरचं ऑफिस, कुणाचा बंगला आणि हा दवाखाना.

या टाक्यांचा जीव असतो खालच्या कपाटात, स्किमर नावाच्या यंत्रात. हातभर उंचीची प्लास्टिकची नळकांडी. खाली पंप; तो पाण्यात हवा ओढतो आणि हवेचे इतके बारीक बुडबुडे करतो की पाणी ताकासारखं पांढरं होतं. माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या कपात काळ्या चहासारखी साठते. हवा जास्त झाली की फेस उतू जातो, कमी झाली की घाण पाण्यातच राहते. आणि हवा ओढणारं यंत्र गप बसत नाही. ते गुरगुरतं, खुळखुळतं, घोरतं. बाकीचे मेकॅनिक स्किमर लावून द्यायचे. चांदपाशा तो गप करून द्यायचा. "त्याला बोलवा, त्याचा कान आहे," असं लोक एकमेकांना सांगत. त्यात डॉक्टर तनुजांचा शब्द सगळ्यात वजनदार. कानाची डॉक्टर ज्याच्या कानाची वाखाणणी करते, त्याला आणखी काय लागतं?

कान गेल्यावर त्यानं डोळे कामाला लावले. मशीनकडं बघायचं सोडून तो माणसांकडं बघायला शिकला. आवाज खुपत असला की टाकीच्या मालकाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक बारीक घडी पडते. चांदपाशा पेच फिरवायचा आणि घडीकडं बघायचा. घडी मोडली की हात थांबवायचा, आणि मान तिरकी करून, जणू स्वतः ऐकतोय असं क्षणभर थांबून, म्हणायचा, "आता बघा." लोक थक्क व्हायचे. दोन वर्षं हे चाललं. एकदाही चुकलं नाही, असं त्याला वाटत होतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी त्याला मेसेज आला. फोन तो उचलत नसे. फोनवर दिमाग खराब होतो, लिहून पाठवा, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डॉक्टर तनुजांनी लिहिलं होतं: "चाचा, लगेच या. पुण्याचे इंजिनिअर चारला येतायत. टाकीचा आवाज तपासणीच्या खोलीत जातोय."

दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे. जाड दार, भिंतींना राखाडी स्पंज, एक छोटी काच. पेशंट आत बसतो, कानाला यंत्र लावतो, आणि आवाज ऐकू आला की बोट वर करतो. वर्षातून एकदा पुण्याहून माणूस येऊन ती खोली खरंच शांत आहे का ते मोजून जातो. टाकी आणि ती खोली यांच्यामध्ये एकच भिंत. आवाज सापडला तर टाकी हलवावी लागणार, हे चांदपाशाला ठाऊक होतं. टाकी हलवली तर हलवली. त्याला खरी धास्ती होती ती निराळ्या गोष्टीची. आज त्या दवाखान्यात सगळी माणसं कान देऊन बसलेली असणार होती, आणि त्यालाही कान द्यायला सांगणार होती.

साडेबाराला तो पोचला. दवाखाना दुपारपुरता बंद होता. समोर सुरेखा होती, पेशंटांची नावं लिहून घेणारी. ती कन्नड तालुक्यातली, बांधावरून हाक मारायची सवय असलेला मोठा आवाज आणि बोलताना पुरतं उघडणारं तोंड. तिचं बोलणं चांदपाशाला अक्षर न अक्षर कळायचं. जगात अशी माणसं जास्त असती तर बरं झालं असतं.

"आले का आमचे मासेवाले! चाचा, मॅडम सकाळपासून नुसत्या चिडचिड चिडचिड. तुमच्या मशीनपायी मला बोलणी खावी लागली."

"तुला बोलले तर तू काहीतरी केलं असशील."

"म्या काय केलं? उलट मासे उकडू नयेत म्हणून पंखा लावला त्यांच्याकडं. त्रेचाळीस डिग्री हाय भायेर."

चांदपाशानं बघितलं. उभा पंखा टाकीवर थेट रोखलेला. कपाट उघडून त्यानं आतल्या, स्किमर ठेवलेल्या छोट्या टाकीत बोटं बुडवली. वाऱ्यानं पाणी उडून चार बोटं खाली गेलं होतं.

"पाणी कधीपासून घातलं नाहीस?"

"नळाला आलं आठव्या दिवशी. माणसानं प्यावं का मासळीला द्यावं?"

"मासळी नको म्हणू. ऐकते ती."

"ऐकू दे. नसंल येत तर मॅडमकडं तपासून घेऊ तिला," सुरेखा म्हणाली आणि स्वतःच हसली.

चांदपाशाही हसला. उशीर न होऊ देता हसायचं, हेही तो शिकला होता.

काम सोपं वाटत होतं. पाणी उतरल्यानं स्किमर पाण्याऐवजी हवा गिळत होता; त्यातून गुळगुळ. मीठ कधी उडत नाही, उडतं ते पाणी, म्हणून त्यानं फिल्टरचं गोडं पाणी घालून पातळी खुणेवर आणली. मग पेचकसाचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं आणि दांडा दातांत धरला. कवटीत खडखड आली. पंप खोलला, आतल्या छोट्या पंख्याच्या दांड्यावर मिठाची पापडी बसली होती. ती त्यानं जुन्या दातब्रशनं घासली. पंपाचे पाय काचेला टेकले होते. तिथं सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे दुमडून सारले. पुन्हा दात लावले. आता आत नुसती मऊ घरघर होती, मांजर मांडीवर झोपावं तशी. फेस नळकांडीच्या गळ्याशी येऊन थांबला होता.

त्यानं वर बघितलं. सुरेखाच्या चेहऱ्यावरची कुरकुर गेली होती. "बाई! किती गप झालं!" ती म्हणाली.

तो उठायला लागला, तेवढ्यात आतल्या दारात डॉक्टर तनुजा दिसल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांचे ओठ हलले. चांदपाशाला ते नीट दिसले नाहीत. खिडकीचा उजेड त्यांच्या पाठीमागं होता.

"झालं मॅडम," तो म्हणाला. "आता बघा."

त्या दोन पावलं पुढं आल्या. "चाचा, शिट्टी आहे अजून."

"कसली शिट्टी?"

शब्द तोंडातून गेला आणि चूक त्याच्या लक्षात आली. पाच वर्षांत त्यानं या दवाखान्यात कधी "कसला आवाज" असं विचारलं नव्हतं.

"हां, ती," तो घाईनं म्हणाला. "ती जाते. हवेचा पेच जरा जास्त आहे."

तो पुन्हा उकिडवा बसला. हवेच्या नळीवरचा पेच त्यानं थोडा आवळला आणि नेहमीसारखा चेहरा बघायला मान वळवली. आणि तिथं काही नव्हतं. घडी नाही, डोळ्यांत प्रश्न नाही, ओठ बंद. डॉक्टर तनुजांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा होता. त्याला आठवलं, तीस वर्षं ही बाई काचेपलीकडं बसून लोकांची तपासणी करते आहे. बटण दाबताना भुवई हलली तरी पेशंटाला कळतं. चेहरा गप ठेवणं हाच तिचा धंदा.

त्यानं पेच उलटा फिरवला. चेहरा तसाच. आणखी फिरवला. हवा एकदम वाढली, फेस गळ्यातून सरसर चढला आणि कपाच्या झाकणाखालून बाहेर आला, खाली सांडला. त्यानं घाईनं पेच आवळला. फेस बसला, पार तळाशी गेला. बुडबुडे मेले तर मासे गुदमरतील. वर जोकर माशांची जोडी आधीच पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती. कपाळावरचा घाम त्याच्या डोळ्यांत उतरला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

डोळे वर केले की टाकीच्या काचेत त्याला मागची खोली दिसायची. त्यात त्यानं बघितलं: डॉक्टर तनुजा त्याच्या पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. शेजारी सुरेखा. डॉक्टरांचे ओठ हलले. सुरेखा दचकून मागं सरली, दोन्ही पाय उचलून खुर्चीवर बसली, त्याच्या पाठीकडं बघायला लागली. मग तिनं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

आपल्याविषयी काही बोललं गेलं, हे त्याला कळलं. काय, ते कळलं नाही. मान वळवावी की न वळवावी हे ठरवण्यात एक क्षण गेला, आणि तो क्षण परत मिळणार नव्हता. तो वळला.

"काय?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाल्या.

सुरेखाला राहवलं नाही. "चाचा, मॅडम म्हणल्या तुमच्या पाठीवर पाल हाय! आन तुम्ही हाललासुद्धा नाय! म्या असते तर छतावर चढले असते."

"पाल काय," चांदपाशा म्हणाला, "साप असला तरी काम अर्ध्यावर टाकत नाही मी."

"लई छाती बाबा तुमची!" सुरेखा खदखदून हसली.

डॉक्टर तनुजा हसल्या नाहीत. पाल नव्हतीच, ती परीक्षा होती, हे त्याला कळलं. "सुरेखा, खाली जाऊन तीन चहा सांगून ये," त्या म्हणाल्या. "आणि थांबून घेऊनच ये."

सुरेखा गेली. डॉक्टरांनी कोपऱ्यातली लहान मुलांची लाल खुर्ची ओढली आणि त्या चांदपाशाच्या समोर बसल्या, इतक्या खाली की दोघांचे चेहरे एका रेषेत आले. उजेड आता त्यांच्या तोंडावर होता. हे त्यांनी मुद्दाम केलं, हे त्याला कळलं.

"शिट्टी तीन आठवड्यांपासून आहे, चाचा. मागच्या शनिवारी तुम्ही इथं अर्धा तास बसलात. सगळं ठीक आहे म्हणून गेलात."

"असंल. मीठ धरतं कधी कधी."

"तुम्ही माझ्या तोंडाकडं बघता."

"माणसानं माणसाच्या तोंडाकडं बघू नाही का?"

"बघावं. माझ्याकडं येणारी सगळी तशीच बघतात."

हातातला पेचकस त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याच्या मनात बिल्डरचं ऑफिस आलं, हॉटेलचा मॅनेजर आला, इस्पितळातला तो जाडा अकाउंटंट आला, आणि त्या सगळ्यांच्या तोंडांवर एकच वाक्य उमटलेलं त्याला दिसलं. बहिरा आहे तो. दोन वर्षं आपल्याला बनवत होता.

"कारखान्यात होतात ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. "कानात काही घालत नव्हतात."

दुसरं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"मॅडम," चांदपाशा म्हणाला, "चार वाजता माणूस येतोय तुमचा. मला काम करू द्या."

"कसं करणार?"

उठून निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण स्किमर उघडा होता, फेस तळाशी बसला होता, आणि चालतं मशीन उघडं टाकून तो आजवर कुठून उठला नव्हता.

"मी बोट वर धरते," डॉक्टर म्हणाल्या. "शिट्टी आहे तोवर वर. गेली की खाली. तुम्ही हात चालवा."

ते बोट त्याला माहीत होतं. पाच वर्षं टाकी पुसताना त्यानं त्या छोट्या काचेतून बघितलं होतं: म्हातारी माणसं आत बसतात, डोळे ताणून कुठंतरी बघतात, आणि आलं आलं असं वाटलं की थरथरतं बोट वर करतात. कित्येक वेळा काहीच आलेलं नसतं.

"मी पेशंट आहे का तुमचा?" त्याचा आवाज चढला. किती चढला ते त्याला कळलं नाही.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोट माझं वर आहे. पेशंट मी."

आणि त्यांनी खरंच उजव्या हाताचं बोट वर धरलं.

चांदपाशानं पंपावर तळवा दाबला. बोट वर. झाकण काढून ठेवलं. बोट वर. पंपाचं तोंड भिंतीकडं फिरवलं, नळकांडी सैल केली, पुन्हा बसवली. वर. वाकून वाकून त्याच्या कमरेत कळ आली. बोट हलत नव्हतं आणि चेहरा हलत नव्हता. एखाद्या परक्या मुलखात, भाषा येत नसताना, पोलिसाच्या हाताकडं बघत रस्ता ओलांडावा तसं त्याला झालं. पायरीवर चहावाल्याची किंवा सुरेखाची सावली पडते का, हे तो मधूनच बघायचा.

मग त्यानं हवेच्या नळीचं टोक पकडलं. कपाटाच्या बाजूला चिकटवलेली पेनाएवढी नळी. यंत्र तिच्यातून श्वास घेतं. तिच्या तोंडावर त्यानं अंगठा ठेवला.

बोट खाली आलं.

अंगठा काढला. बोट वर गेलं. ठेवला, खाली. त्यानं चार वेळा तसं केलं. त्याच्या स्वतःच्या कानांत काहीच बदललं नाही; चारही वेळा तीच, कापूस कोंबल्यासारखी शांतता. तिथं एक आवाज होता, भिंत भेदून जाणारा, आणि तो त्याच्या अंगठ्याखाली होता.

त्यानं नळी सोडवली आणि खिडकीशी नेली. तोंडाशी मिठाची गोल कड जमली होती, आतमध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक शिल्लक. एवढ्याशा भोकातून यंत्र तीन आठवडे हवा ओढत होतं. नळी हातात आली असती तर त्यानं डोळे मिटूनही हे ओळखलं असतं. पण तिकडं हात जायला आधी कान जावा लागतो.

डॉक्टरांनी न सांगता किटलीतून गरम पाणी आणून दिलं. मीठ विरघळलं. त्यानं नळी फुंकून बघितली, बसवली. बोट वर गेलं नाही. आता हवा मोकळी झाल्यानं फेस पुन्हा उसळला. त्यानं पेच पाव फेरा आवळला, थांबला, आणखी केसभर. फेस गळ्याशी येऊन स्थिरावला आणि थोड्या वेळानं कपात पहिला तपकिरी थेंब पडला. हे मात्र त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आता काहीतरी होतं, आणि ते त्याला बघवेना.

"सोमवारी सकाळी अकराच्या आधी इथं कुणी नसतं," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं लागतात तपासायला."

तो हत्यारं पुसत राहिला. एक, दोन, तीन वेळा तोच पाना. "मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हे कुणाला..."

दार ढकलून सुरेखा आत आली, हातात चहाची थैली आणि तीन कागदी पेले. "खाली लिफ्ट बंद! जिन्यानं आले. घ्या चाचा, तुम्हाला साखर जास्त."

वाक्य तिथंच राहिलं.

पुण्याचा इंजिनिअर साडेतीनलाच आला. तिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, खांद्याला काळी पेटी. पेटीतलं यंत्र काढून तो आवाजबंद खोलीत गेला आणि जाड दार लागलं. चांदपाशाची पिशवी भरून झाली होती. त्याला जाता आलं असतं. तो टाकीच्या बाजूला उभा राहिला आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला. एक डोळा डॉक्टर तनुजांच्या तोंडावर. त्या टेबलाशी बसून काही लिहीत होत्या. सुरेखा तिकडं वाकून त्यांना काही म्हणाली. डॉक्टरांचे ओठ हलले, आणि सुरेखानं एकदम मान वळवून चांदपाशाकडं बघितलं. त्याचा हात काचेवर थांबला. सुरेखानं फक्त रिकामा पेला मागितला, हात पुढं करून.

दहा मिनिटांनी दार उघडलं.

"मॅडम, फर्स्ट क्लास," इंजिनिअर म्हणाला. मोकळं, ठसठशीत बोलणारा मुलगा होता. चांदपाशाला सगळं कळत होतं. "फोनवर म्हणाला होतात तो आवाज नाहीच आता. कुणी काढला?"

डॉक्टर तनुजांनी मान वर केली. त्या इंजिनिअरकडं बघत नव्हत्या. त्या चांदपाशाकडं बघत होत्या, आणि बोलल्या त्या हळूहळू, एकेक अक्षर ओठांवर ठेवत, एकही निसटू नये असं.

"चाचांनी. यांच्यासारखा कान या शहरात कुणाचा नाही."

"व्हय, मुंगी चाललेली ऐकू येती त्यांना," सुरेखा अभिमानानं म्हणाली.

चांदपाशानं डॉक्टरांचं वाक्य ओठांवरून वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. झाकलं गेलं होतं. ज्याची भीती होती ते झालं नव्हतं, तरी त्याला बरं वाटेना. इतके दिवस ते खोटं त्याचं एकट्याचं होतं, त्याच्या हुशारीचं होतं. आता ते त्याला कुणीतरी दिलं होतं.

इंजिनिअर त्याच्याकडं वळला. चेहरा कौतुकानं भरलेला.

"काका, एवढा बारीक आवाज, तोही पंप चालू असताना. आम्हाला तर मशीन लागतं. तुम्हाला ऐकू आला कसा?"

सुरेखा हसऱ्या तोंडानं थांबली. डॉक्टर तनुजांनी डोळे खाली, कागदाकडं नेले. टाकीत जोकर माशांची जोडी खाली उतरून आपल्या जागी डोलत होती. मुलगा उत्तराची वाट बघत होता.

चांदपाशानं फडकं घडी करून पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली, दाराशी वाकून चपला घातल्या. मग, दिलेलं खोटं तिथंच ठेवून, कुणाच्याही तोंडाकडं न बघता त्यानं दार ढकललं आणि तो बाहेर पडला.